खाडीला सातबारा नसतो

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून 'एमएससी चित्रा' हे पनामाचा झेंडा लावलेलं कंटेनर जहाज बाहेर निघालं होतं आणि 'खलिजिया ३' हे जहाज मुंबई बंदराकडे येत होतं. बंदराच्या तोंडाशी दोन्ही जहाजं एकमेकांवर आदळली. खलिजिया तीनच आठवड्यांपूर्वी, १८ जुलैला, मुंबईजवळ तळाला रुतून बसलं होतं. ते सोडवून बंदरात आणलं जात असतानाच हा दुसरा अपघात घडला. चित्रा एका कुशीवर इतकं कललं की डेकवरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले. त्यांतल्या काहींमध्ये कीटकनाशकं होती. जहाजावर १,२१९ कंटेनर होते आणि त्याच्या स्वतःच्या टाक्यांत २,६०० टनांहून जास्त जळाऊ तेल. त्यातलं सुमारे ८०० टन तेल पुढच्या दोन-तीन दिवसांत समुद्रात गेलं.

हे तेल विकायला नेलेलं नव्हतं. ते जहाजाच्या इंजिनाचं इंधन होतं, शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारं काळं, घट्ट तेल. डिझेल सांडलं तर त्यातला बराचसा भाग उडून जातो. हे तेल उडत नाही. पाण्यात घुसळून त्याचा चॉकलेटी, चिकट लगदा होतो आणि भरतीबरोबर तो जिथे जाईल तिथे बसतो. उरण, घारापुरी, नवी मुंबईच्या खाड्या, अलिबागची किनारपट्टी इथे तो बसला.

वाळूवरचं तेल फावड्याने उचलता येतं, तिवरांमधलं नाही. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली, वीतभर उंचीची, पेन्सिलीएवढी जाड मुळं दिसतात. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून झाड त्या मुळांवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. ओहोटी लागली की मुळं उघडी पडतात आणि छिद्रांतून हवा आत जाते. भरतीबरोबर आलेलं तेल ओहोटीला नेमकं या मुळांवर राहतं आणि छिद्रं बुजवतं. पुसायला माणसं आत शिरली तर पायाखाली मुळं मोडतात आणि तेल आणखी खोल चिखलात दाबलं जातं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांचा सल्ला एकच असतो: हात लावू नका, भरती-ओहोटीला धुऊ द्या. त्याच चिखलात निवट्या, खेकडे, तिसऱ्या, कालवं असतात आणि ती हातांनी वेचून बाजारात नेणाऱ्या कोळी, आगरी बायका असतात.

तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी संपत आली होती आणि नारळी पौर्णिमा तोंडावर होती. मासे खाऊ नका, अशी सूचना निघाली आणि मुंबई-नवी मुंबईच्या मासळीबाजारांतलं गिऱ्हाईक आटलं. ज्या माशांना तेलाचा थेंबही लागला नव्हता, त्यांनाही कुणी विचारेना.

मग प्रश्न आला, दोष कुणाचा? दोन्ही जहाजांच्या कप्तानांवर मुंबईत गुन्हा दाखल झाला. चौकशी नौवहन खात्याकडे गेली. दोन बंदरं, त्यांचा सामाईक जलमार्ग आणि जहाजांना रेडिओवरून दिल्या जाणाऱ्या सूचना यांवरून उलटसुलट बोललं गेलं. राज्य सरकारने भरपाई मागण्याची भाषा केली, केंद्रातल्या मंत्र्यांनी पाहणी केली. कप्तानांची चूक असेल तर त्यांच्यावर खटला व्हायलाच हवा. पण कप्तानापाशी थांबलेली चौकशी फार थोडं सांगते, कारण कप्तान बदलतात आणि व्यवस्था तीच राहते.

ती व्यवस्था कशी आहे ते पाहा. तेलगळतीसाठी भारताची राष्ट्रीय आपत्कालीन योजना १९९६ पासून आहे आणि तिचा मुख्य समन्वय तटरक्षक दलाकडे आहे. बंदराच्या हद्दीत गळती झाली तर आधी बंदराने हालचाल करायची. हद्दीबाहेरचा समुद्र तटरक्षक दलाचा. तेल किनाऱ्याला लागलं की ते राज्याचं, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आणि जिल्हा प्रशासनाचं. जहाजाची तपासणी नौवहन महासंचालनालयाकडे, गुन्हा पोलिसांकडे, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, तिवरं वनखात्याकडे. कागदावर प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. पण तेल भरतीच्या एका फेरीत या सगळ्या हद्दी ओलांडतं आणि प्रत्येक खात्याला खरेपणाने सांगता येतं की आमच्या हद्दीतलं काम आम्ही केलं.

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावातल्या वाचकाला ही गोष्ट अनोळखी वाटायचं कारण नाही. गावाच्या अंगाने भीमा वाहते, पलीकडे दौंड तालुका. याच पट्ट्यात, वाळकी-रांजणगाव सांडसकडे, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येते. घाण करणारा वर, सोसणारा खाली. मधे महापालिका, पाटबंधारे खातं, प्रदूषण मंडळ, ग्रामपंचायत. फेसाळलेल्या पाण्याची तक्रार कुठे करायची, हे इथे पिढीभर विचारलं जातंय.

आणि समुद्र वडगावपासून वाटतो तितका लांब नाही. मुंबईच्या माहुल-तुर्भे भागातल्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेलं पेट्रोल-डिझेल हिंदुस्थान पेट्रोलियमच्या जमिनीखालच्या वाहिनीने घाट चढून लोणी काळभोरला येतं आणि तिथून पुढे सोलापूरजवळ पाकणीपर्यंत जातं. शिरूर-दौंडच्या पंपांवर टँकर येतात ते मुख्यतः लोणीच्या डेपोंतून. उसाला सरी पाडणारा ट्रॅक्टर, पाटसच्या भीमा साखर कारखान्याकडे जाणारा उसाचा ट्रक, वीज नसली की धडधडणारं डिझेल इंजिन, हे सगळं त्या समुद्रमार्गाशी जोडलेलं आहे. २०१० साली देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त तेल आयात होत होतं. आज हा वाटा ८५ टक्क्यांच्या वर आहे. चाळीतला कांदा परदेशी जातो तोही मुख्यतः न्हावा-शेव्यातून. त्या ऑगस्टमध्ये जलमार्गात कंटेनर तरंगत असल्यामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. हे मी शेतकऱ्याच्या माथ्यावर दोष टाकण्यासाठी लिहीत नाही. तेल वापरणारे आपण सगळे आहोत, आणि म्हणूनच गळतीचा खर्च एकट्या खाडीकाठच्या माणसाने का उचलावा, हा प्रश्न आपलाही आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत हाच प्रश्न फार मोठ्या आकारात उभा होता. ३१ मार्च २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी समुद्रातलं तेल-उत्खनन वाढवण्याची घोषणा केली. तीन आठवड्यांच्या आत, २० एप्रिलला, मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटाचा स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे तीन कंपन्यांचे अधिकारी बसले. विहिरीची मालक बीपी, फलाटाची मालक ट्रान्सओशन आणि सिमेंटचं काम करणारी हॅलिबर्टन, तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. विरोधकांनी ओबामांना धारेवर धरलं, सत्ताधाऱ्यांनी आधीच्या सरकारच्या ढिलाईवर ठपका ठेवला. खोल समुद्रातल्या उत्खननावर सहा महिन्यांची बंदी आली आणि तेलावर पोट असलेल्या लुइझियाना राज्यातूनच तिला सर्वांत मोठा विरोध झाला. ऑक्टोबरमध्ये बंदी मुदतीआधीच उठली.

या गदारोळातून एक टिकणारी गोष्ट निघाली. समुद्रातले तेलपट्टे भाड्याने देणं, त्यांचा महसूल गोळा करणं आणि त्यांची सुरक्षा तपासणं ही तिन्ही कामं तिथे एकाच कचेरीकडे होती. ती कचेरी मोडून तिन्ही कामं वेगळी केली गेली. ब्रिटनने हा धडा वीस वर्षं आधी घेतला होता. १९८८ साली उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' फलाट जळाला, १६७ माणसं मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली सांगितलं की तेल काढायला उत्सुक असलेल्या ऊर्जाखात्याकडे सुरक्षेची राखण नको, आणि ते काम कामगारांच्या सुरक्षेसाठी असलेल्या वेगळ्या यंत्रणेकडे गेलं.

आपल्याकडे काय आहे? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, १९७४ साली तेल सापडलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. बॉम्बे हाय या नावाचा त्या काळात केवढा अभिमान होता, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल, आणि तो अभिमान रास्त होता. २७ जुलै २००५ ला, म्हणजे मुंबई पाण्यात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिथला बीएचएन हा मोठा फलाट जळून गेला. सुरुवात किती छोटी होती! 'समुद्र सुरक्षा' या मदतजहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं, म्हणून त्याला पाळण्यातून फलाटावर चढवायचं ठरलं. फलाटाच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं. जहाजाला जागेवर धरणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. जखमी माणूस सुखरूप वर पोचला आणि परत फिरताना जहाज लाटेबरोबर उचललं जाऊन फलाटावर आदळलं. समुद्रतळ आणि फलाट यांना जोडणाऱ्या वायूच्या नळ्या तिथेच, फलाटाच्या बाहेरच्या अंगाला होत्या. वायू सुटला, पेटला आणि दोन तासांत फलाटाचं बहुतेक लोखंड समुद्रात गेलं. २२ माणसं गेली. लगतच्या फलाटांवरची आणि जहाजांवरची ३६२ माणसं त्या उधाणात वाचवली गेली. नौदल, तटरक्षक दल आणि फलाट चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीच्या लोकांचं हे काम विसरण्यासारखं नाही.

यानंतर २००८ साली समुद्रातल्या तेलकामांच्या सुरक्षेचे नियम झाले. ते राबवायचे कुणी? तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाने. आणि हे संचालनालय कुणाच्या हाताखाली? पेट्रोलियम मंत्रालयाच्या. ओएनजीसीची बहुसंख्य मालकी ज्या सरकारकडे आहे, त्या सरकारचं हेच मंत्रालय उत्पादनाचं उद्दिष्ट ठरवतं आणि सुरक्षेचा निरीक्षकही त्याचाच आहे. तिथे काम करणाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण उत्पादन थांबवण्याचा हुकूम द्यायची वेळ आली, तर तो हुकूम स्वतःच्याच वरिष्ठाच्या उद्दिष्टाविरुद्ध द्यावा लागेल, अशा जागी कुणालाही बसवू नये. गळतीनंतर ऊर्जाधोरणात पहिला बदल करायचा तर तो इथे करायला हवा, आणि त्याला पैसाही फारसा लागत नाही.

२०१० चा उन्हाळा-पावसाळा पुन्हा पाहिला तर एक गोष्ट मनाला लागते. ऊर्जेचे मोठे निर्णय त्याच काळात झाले, पण ते वेगळ्या दालनांत झाले. २५ जूनला पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेल, रॉकेल, गॅस महागले. ५ जुलैला विरोधी पक्षांनी भारत बंद केला. ऑगस्टमध्येच पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला लिटरमागे २७ रुपये हंगामी दर ठरला आणि ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांना नवा रस्ता दिसला. चित्राचं तेल तिवरांवर वाळत असताना तेलाच्या किमतीवरून देश बंद होऊन महिना झाला होता. सांडलेल्या तेलावरून कुणी एक दिवसही बंद केला नाही. दर वाढला तर खिसा प्रत्येकाचा कापला जातो. तवंग आला तर खाडीकाठच्या काही हजार कुटुंबांचा.

दोष आणि धोरण एकत्र आले ते एकाच ठिकाणी, अणुऊर्जेच्या दायित्व कायद्यात. ७ जूनला भोपाळच्या न्यायालयाने युनियन कार्बाइडच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं आणि हजारो मृत्यूंबद्दल दोन वर्षांची शिक्षा ऐकून देश हादरला. त्या संतापाच्या सावलीत अणुदायित्वाचं विधेयक ऑगस्टच्या अखेरीस संसदेत मंजूर झालं. प्रकल्प चालवणाऱ्याने किती भरपाई द्यायची आणि सदोष सामग्री पुरवणाऱ्यावर कधी उलटवसुली करता येईल, हे अपघाताच्या आधी लिहून ठेवलं गेलं. जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा वाद तापलेला असताना कोकणात या तरतुदीवर बरंच बोललं गेलं. त्या कायद्यातल्या रकमा पुरेशा होत्या की नाही यावर मतभेद होते. पण कुणी किती द्यायचं हे आधी ठरवायचं, हे तत्त्व तिथे मान्य झालं. त्याच महिन्यात त्याच राज्याच्या किनाऱ्यावर पसरलेल्या तेलाबाबत ते ठरलेलं नव्हतं. जहाजाच्या इंधनगळतीच्या भरपाईसाठी २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१० मध्ये सामील नव्हता. सामील झाला तो २०१५ मध्ये.

मधल्या काळात मुंबईला आणखी धक्के बसले. जून २०११ मध्ये भंगारात निघालेलं 'विस्डम' दोर तुटून जुहूच्या वाळूवर चढलं. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' महिनाभर बेवारस वाहत ३१ जुलैला त्याच भागात येऊन लागलं आणि इतका वेळ ते कुणाच्या दृष्टीस कसं पडलं नाही यावर संरक्षणाच्या अंगाने बरीच ओरड झाली. ४ ऑगस्टला 'रॅक कॅरियर' बुडालं. त्यात इंडोनेशियाहून गुजरातेतल्या दहेजकडे निघालेला ६० हजार टनांहून जास्त कोळसा होता, शिवाय जवळजवळ ३४० टन इंधन. देशातला कोळसा कमी पडतो म्हणून बाहेरून आणायचा, या धोरणाचा एक ढीग आजही मुंबईजवळच्या समुद्रतळाशी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितली. माल मागवणाराही जबाबदार, हे त्या निकालातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. जहाज कुठल्या तरी बेटाच्या नावावर नोंदलेलं असतं, मालक सापडत नाही, पण कोळसा ज्याच्यासाठी निघाला तो इथलाच असतो. स्वस्त जहाज निवडण्याचा फायदा त्याला मिळतो, तर मोडक्या जहाजाच्या धोक्यातही त्याचा वाटा असायला हवा. २०१२ मध्ये विमा नसलेल्या जहाजांना भारतीय बंदरांत शिरू न देण्याचे नियमही आले.

भरपाई मिळाली तरी ती कुणाच्या हातात पडते? गारपिटीने कांदा झोपला की वडगावात तलाठी येतो, पंचनामा होतो. पंचनाम्याबद्दल तक्रारी असतात, रक्कम तुटपुंजी असते, उशीर होतो, हे सगळं खरं. पण पंचनाम्याला आधार असतो. गट नंबर असतो, सातबाऱ्यावर नाव असतं, पीकपेऱ्याची नोंद असते. खाडीत पागोळी लावून चिंबोऱ्या धरणाऱ्याकडे यातलं काय आहे? यांत्रिक बोटीला परवाना असतो, डिझेलचा कोटा असतो, सोसायटीत नाव असतं, म्हणून बोटमालकाचं नुकसान निदान मोजता येतं. चिखलात गुडघाभर उतरून कालवं फोडणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. ती किती वेचत होती, केवढ्याला विकत होती, याचा लेखी पुरावा ती कुठून आणणार? आणि पुरावा नसेल तर कायद्याच्या लेखी नुकसानही नसतं.

हे बदलता येतं, आणि त्याचं उदाहरण उरणचंच आहे. बंदराचा विस्तार, भराव, बंद झालेले भरतीचे प्रवाह आणि प्रदूषण यांविरुद्ध तिथले पारंपरिक मच्छीमार हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ ला निकाल लागला. १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार, एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, आणि ते न्हावा-शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोने ठरलेल्या प्रमाणात वाटून द्यायचे. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण या निकालात कुटुंबं मोजली गेली होती. हातात यादी होती म्हणून न्यायालयाला भागाकार करता आला.

तशी यादी प्रत्येक खाडीची, गळती होण्याआधी करता येईल. बॉम्बे हायचं, म्हणजे आजच्या मुंबई हायचं, तेल १९७८ पासून समुद्राखालच्या नळांनी उरणला उतरतं. नळ कुठून येतात, जहाजांचा मार्ग कुठून जातो, भरती कुठल्या खाड्यांत शिरते, हे ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ मध्येही उरणच्या पिरवाडी-नागाव किनाऱ्यावर ओएनजीसीच्या प्रकल्पातून गळलेलं तेल पसरलं होतं. म्हणजे धोका कुठे आहे हे शोधत बसायची गरज नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने हातांनी मासळी धरणाऱ्यांची नावं, त्यांच्या जागा आणि हंगामाची पकड दरवर्षी नोंदवली आणि ती ग्रामपंचायतीत लावली, तर खाडीलाही पीकपेरा मिळेल. या कामाचा खर्च त्या जलमार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक तेलजहाजाच्या बंदरशुल्कातून काढावा. त्यामुळे वडगावच्या पंपावर डिझेल लिटरमागे एखाद्या पैशाने महागलं, तर तो पैसा आपण द्यायलाच हवा.